शेवटचा हात कोणाचा?

अंबादास अण्णा बिघडलेल्या लॅपटॉपसमोर बसले की आधी स्क्रीनकडे बघतच नाहीत. उजवा तळहात लॅपटॉपच्या पोटाखाली सरकवतात, डोळे मिटतात आणि पोराचा ताप बघावा तसे दहा-बारा सेकंद गप्प बसतात. मग डोळे न उघडताच विचारतात, "शेवटचा हात कोणाचा लागला?"

या प्रश्नाला आमच्या ऑफिसात खरं उत्तर द्यायची पद्धत नाही. "कुणी काही केलं नाही अण्णा, आपोआप बंद पडलं," असं आम्ही सगळे इंजिनिअर लोक एका सुरात सांगतो. अण्णा मान हलवतात. "आपोआप काय बी बंद पडत न्हाय. आपोआप नुसती धूळ बसती," असं म्हणून शर्टाच्या खिशातून एक पितळी हूक काढतात, माझ्या कीबोर्डच्या फटीत घालतात आणि शेंगाचटणीचा एक कण अलगद बाहेर काढून मला दाखवतात. तो हूक मागावर तुटलेले धागे ओवायचा आहे. गेली बारा वर्षं तो फक्त आमच्या डब्यांतली चटणी काढतोय.

आमचं ऑफिस सोलापुरात, सात रस्त्याजवळ, एका चादरींच्या दुकानाच्या वर. नऊ माणसं आहोत. दवाखाने, शाळा, ट्रॅव्हल्स, कारखाने, ज्याला जे हवं ते वेब ॲप आम्ही बनवून देतो. मी रोज मंद्रूपहून एसटीनं येते. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी आहे, तीही फर्स्ट क्लास, आणि ही गोष्ट मी कुणालाही तिसऱ्या वाक्यात सांगते असा माझ्यावर आरोप आहे. अण्णांकडे पदवी नाही. ते पूर्व भागातल्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होते. जॉबर म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारा. एकदा शेडच्या मालकानं कॉम्प्युटर घेतला, तो महिन्याभरात बंद पडला, आणि मालकानं सवयीनं जॉबरलाच हाक मारली. अण्णांनी त्याच्या पोटाला हात लावला, पंखा पुसला, चालू करून दिला. तिथून गोडी लागली. संध्याकाळी क्लासला जाऊन पोरांच्या बाकावर बसून शिकले. पुढं शेड बंद झाली, माग भंगारात गेले आणि अण्णा आमच्याकडे आले.

आल्या आल्या त्यांनी सगळ्या लॅपटॉपवर खडूनं नंबर टाकले. माझा सात. मी रोज पुसते, ते रोज टाकतात. माझ्यामागे माझ्याविषयी बोलताना "सात नंबर आज उशिरा आलं" म्हणतात, समोर मात्र "अक्का". मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे, पण अक्का. शेडमध्ये असंच असायचं म्हणे. एका विणकराकडे दोन माग, आणि त्यातल्या पहिल्या मागाचा नंबर हेच त्या माणसाचं नाव. "ए अकरा, चा आला बग!" अशी हाक जायची.

हाक जायची म्हणजे काय, हातवारे जायचे. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलणं समजून घ्यायची. अण्णांचे कान त्या आवाजानं थोडे गेलेत, पण ओठ वाचायची विद्या शाबूत आहे. व्हिडिओ मीटिंगमध्ये कुणी म्यूटवर राहून बोलायला लागलं की आम्ही "सर, म्यूट, म्यूट" असं ओरडतो. अण्णा शांतपणे सांगतात, "तारीख पुढं ढकला म्हणायलेत." एकदा पुण्याचे एक साहेब मुद्दाम म्यूट करून शेजारच्या माणसाशी काहीतरी बोलले. अण्णा म्हणाले, "सोलापूरकरांना अक्कल न्हाय म्हणतेत." त्या साहेबांचं काम आम्ही वेळेत केलं, पण पुढचे सहा महिने त्यांच्याशी कुणी हसून बोललं नाही.

आता डॉकर. हे नाव ऐकून दचकू नका, मीही सुरुवातीला दचकायचे. एका वेब ॲपचे तीन-चार तुकडे असतात. एक पानं दाखवतो, एक काम करतो, एक माहिती साठवतो. प्रत्येक तुकडा त्याच्या सगळ्या सामानासकट एकेका बंद डब्यात घालायचा, त्याला कंटेनर म्हणतात. मग एका हुकमावर सगळे डबे चालू. कुणाच्याही लॅपटॉपवर ॲप सारखंच चालावं हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात ते प्रत्येकाच्या लॅपटॉपवर वेगवेगळ्या कारणानं बंद पडतं. डबा मोडला तरी आतली माहिती जाऊ नये म्हणून ती बाहेर वेगळी ठेवतात, ते व्हॉल्यूम.

टॉवेल कारखान्याच्या शेठना हे समजावताना आमच्या मॅनेजरनं अर्धा तास घालवला होता. शेठ चहा पीत बसले होते. शेवटी अण्णा म्हणाले, "शेठ, कंटेनर म्हंजे माग. व्हॉल्यूम म्हंजे बीम." बीम म्हणजे मागाच्या पाठीमागचा तो जाडजूड रूळ, ज्यावर ताण्याचे हजारो धागे गुंडाळलेले असतात. "माग मोडला तर मोडू दे की. परत उभा करता येतो. बीम कापायचा न्हाय." शेठनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "हे आधी सांगायचं की!"

बिघाड शोधायची अण्णांची एक रीत होती. प्रोग्राम बंद पडला की तो शेकडो ओळींची तक्रार लिहून ठेवतो. आम्ही सगळे शेवटची ओळ वाचतो, कारण ती लाल असते. अण्णा वर सरकत जातात. "कापडावर डाग दिसतो तितं चूक नसती अक्का. चूक वर कुटंतरी आदीच झालेली असती." आणि खरंच, तीस-चाळीस ओळी वर एक साधीशी, काळीच ओळ सापडायची आणि तिथंच सगळं दुखणं असायचं. हे मला मान्य करायला तीन वर्षं लागली. फर्स्ट क्लास असल्यामुळे.

पण अण्णांचा खरा विक्षिप्तपणा होता तो टेस्टिंगच्या नावांत.

ॲप तपासायला खोटी गिऱ्हाइकं लागतात. जगभर लोक तिथं काहीही टाकतात. मी तर बोटं कीबोर्डवर घासते आणि जे उमटेल ते गिऱ्हाईक. अण्णांना हे खपत नसे. "ह्या 'एएसडीएफ'ला भूक लागती काय? हे टॉवेल घेतंय काय? माणसाला नाव पायजे." त्यांची स्वतःची बत्तीस माणसं होती. नरसम्मा, लालसाब, भीमाबाई, रामय्या, शरणप्पा. शेडमधले सगळे विणकर, धाग्याच्या कांड्या भरणाऱ्या बायका, वॉचमन. एक ॲप संपलं की ती सगळी शेड उचलून पुढच्या ॲपात जायची आणि जुन्यातून पुसली जायची. फोन नंबरच्या रकान्यात सगळ्यांचे दहाच्या दहा आकडे नऊ. बाकी माहिती मात्र चोख.

शाळेच्या ॲपमध्ये ही बत्तीसही माणसं चौथीत होती आणि सगळी पास झाली. ट्रॅव्हल्सच्या ॲपमध्ये सगळ्यांनी तिकिटं काढली, भिवंडी ते सोलापूर, सुरत ते सोलापूर, पुणे ते सोलापूर. "अण्णा, इथून तिकडं जायचं तिकीट पण तपासायला हवं ना?" मी विचारलं. "ते तुमी तपासा," अण्णा म्हणाले. दवाखान्याच्या ॲपमध्ये नरसम्माला सर्दी झाली, लालसाबच्या पायात काटा गेला, यापलीकडे अण्णांनी कुणाला आजारी पडू दिलं नाही. पण रुग्ण मृत झाल्याची नोंदही तपासणं भाग होतं. तिथं अण्णांनी स्वतःचं नाव घातलं. ती नोंद काही केल्या नीट होईना, त्यामुळे त्या आठवड्यात अण्णा अकरा वेळा वारले.

मी त्यांना हसायचे. माझ्या लॅपटॉपवर, म्हणजे सात नंबरवर, ही शेड ठेवलेली होती, आणि अण्णांचा मला एकच कडक नियम होता: सात नंबरच्या बीमला हात लावायचा नाही.

तो गुरुवार होता. दुपारी तीन वाजता टॉवेलवाल्या शेठना त्यांचं ॲप दाखवायचं होतं. अण्णा गुरुवारी सकाळी अक्कलकोटला मठात जाऊन येतात, दीडपर्यंत परततात. साडेअकराला मी ॲप चालू केलं आणि माहिती साठवणारा डबा चालू व्हायचा, बंद पडायचा, परत चालू व्हायचा. लाल ओळ आली. मी ती वाचली. काही कळलं नाही. मी अण्णांना फोन केला. मागं घंटेचा आवाज येत होता.

"शेवटची ओळ नको वाचू. वरची वाच," अण्णा ओरडले. "आनि मी येस्तोवर बीमला हात लावू नकोस!"

मी "बरं" म्हणाले आणि इंटरनेटवर शोधलं. तिथं कुणीतरी लिहिलं होतं की सगळे डबे बंद करायच्या हुकमाच्या शेवटी एक डॅश आणि एक व्ही टाका, मग सगळं नव्यानं चालू करा, नक्की चालेल. मी टाकलं. नक्की चाललं. चार मिनिटांत ॲप उघडलं, चकचकीत. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी चहा मागवला. चहा येईपर्यंत गिऱ्हाइकांची यादी उघडली. रिकामी. तो व्ही व्हॉल्यूमचा होता. मी बीम कापला होता.

बॅकअप आठवला. सगळ्यांना बॅकअप घ्या, बॅकअप घ्या म्हणून अण्णा पाठीमागे लागतात, त्यांनी स्वतःचा घेतला असणारच. होता. रोज आपोआप घेतला जात होता आणि त्याच व्हॉल्यूममध्ये ठेवला जात होता. कपाटाची दुसरी किल्ली त्याच कपाटात. जॉबरची बारा वर्षांतली ही एकच चूक आणि ती नेमकी मला सापडली. मग मी वरच्या ओळी वाचल्या. डेटाबेसची आवृत्ती नवी आणि साठवलेली माहिती जुनी, त्यामुळे दोघांचं जुळत नव्हतं. आदल्या दिवशी ज्या जागी जुन्या आवृत्तीचा आकडा होता तिथं मीच हौसेनं 'लेटेस्ट' असं लिहिलं होतं. तो एक आकडा परत टाकला असता तर काम झालं असतं.

दीड वाजता अण्णा आले. कपाळाला अंगारा, हातात प्रसादाचा पुडा. सात नंबरखाली हात सरकवला, डोळे मिटले.

"शेवटचा हात कोणाचा लागला?"

"माझा," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

मला वाटलं ओरडतील. अण्णा एरवी साधं "पाणी दे" पण ओरडूनच म्हणतात. आज मात्र हात नुसता लॅपटॉपखालीच राहिला. त्यांचा चेहरा बघून मला रडू यायला लागलं. तीन वर्षं मी ज्याला हसले ती टेस्टिंगची यादी नव्हती, त्यांची माणसं होती, हे मला तेव्हा कळलं. आणि मी मूर्खासारखी म्हणाले, "अण्णा, मी पटकन टेस्ट वन ते टेस्ट थर्टी-टू टाकते."

"बस," ते म्हणाले. "लिही."

डोळे मिटूनच त्यांनी सांगायला सुरुवात केली. शेडच्या दारापासून, डावीकडून. एक नंबर रामय्या, तीन नंबर शरणप्पा, पाच नंबर... मधूनच "बायको कांडीला होती, तिला बी लिही." बायकांना नंबर नव्हते, त्यामुळे त्यांची नावं तर घडाघडा आली. मी टाइप करत होते. एकवीस नंबर झाला आणि अण्णा थांबले.

"तेवीस," ते म्हणाले. परत म्हणाले, "तेवीस."

"नाव काय अण्णा?"

"अक्कलकोटकडचा. घरात कन्नड बोलायचा. मागाशेजारी रेडिओ लावायचा. मागाच्या आवाजात ऐकू काय येत न्हवतं, तरी लावायचा. बायको शांतव्वा." अण्णांनी डोळे उघडले. "नाव आटवत न्हाय अक्का. मी त्याला तेवीसच म्हनायचो. नाव तेवडं हितं लिहिलेलं होतं."

आणि ते मी पुसलं होतं. पुढची नावं सांगून झाली, यादी एकतीसवर आली, तेवीसच्या जागी रिकामी ओळ. सव्वादोन वाजले होते. मी म्हणाले, "कुणाला तरी विचारा ना. फोन नंबर नाहीत का कुणाचे?"

अण्णांनी मोबाइल काढून मला दाखवला. होते. नावांच्या जागी एक, तीन, पाच, सात, अकरा. शेड बंद झाली त्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांना दिलेले.

"शेवटचा फोन कधी केलात?"

"केलाच न्हाय."

"बारा वर्षांत?"

अण्णांनी खिशातला हूक काढला, पुसला, परत ठेवला. "जॉबर कधी जातो अक्का? माग बिगडला तर जातो. तिकडं सगळे कामात असत्याल. काय बिगडलेलं नसताना कशाला फोन करायचा? काय म्हनायचं?"

मी काही समजूतदार वगैरे नाही, पण त्या वेळी तोंडातून बरोबर निघालं. "आता बिघडलंय की अण्णा. करा."

तेवीसलाच त्याचं नाव कसं विचारायचं, म्हणून त्यांनी पंचवीस नंबरला फोन लावला. तेवीसचा शेजारी, लालसाब, भिवंडीला गेलेला. कान गेल्यामुळे अण्णांचा फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे सगळं ऑफिस ऐकत होतं. पलीकडून मागांचा खडखडाट आला.

"पंचवीस काय? मी जॉबर बोलतोय!"

"कौन?"

"जॉबर! सोलापूर!"

खडखडाट लांब गेला. माणूस बाहेर आला असावा. "या अल्ला! जॉबर? अरे जिंदा है क्या तू?"

दवाखान्याच्या ॲपमध्ये अकरा वेळा गेलेले अण्णा म्हणाले, "हाय, हाय. काम होतं. सिस्टिममदी बिगाड झालाय. तुझ्या शेजारच्या तेवीसचं नाव काय रे?"

"हितंच हाय की तो! माझ्यासंगं आलाय. थांब देतो," म्हणून लालसाब कुणाला तरी हाका मारत गेला. मग धापा टाकणारा एक आवाज आला. "जॉबरा? आराम का?"

"तेवीस," अण्णा म्हणाले. "तेवीस, तुझं नाव काय रे?"

पलीकडचा माणूस इतका हसला की त्याला खोकला लागला. "मलकप्पा. मलकप्पा माझं नाव. अन् तुझं काय रे? मला तरी तुझं नाव कुटं ठाव हाय? समदी जॉबर म्हनायची, मी बी जॉबर म्हनालो."

"अंबादास," अण्णा म्हणाले. मग परत एकदा, जरा हळू, "अंबादास."

मी मलकप्पा टाइप केलं. बत्तीस झाले. तीन वाजता शेठ आले, यादी खालपर्यंत बघितली आणि म्हणाले, "ही खरी गिऱ्हाइकं दिसतात हो!" आमच्या मॅनेजरनं छाती फुगवली. अण्णा तिथं नव्हते. ते अजून गॅलरीत फोनवर होते.

पुढचे दोन आठवडे अण्णांनी फोन नंबरचा रकाना हाती घेतला. सगळे नऊच्या आकड्यांचे नंबर चुकीचे आहेत आणि ते दुरुस्त केल्याशिवाय ॲप देता येणार नाही असं त्यांनी मॅनेजरला बजावलं. प्रत्येक फोन "सिस्टिमच्या कामासाठी केलाय" असा सुरू व्हायचा आणि चाळीस मिनिटांनी कुणाच्या तरी लेकीच्या बाळंतपणावर संपायचा. काहींचे नंबर बदलले होते, ते दुसऱ्यांकडून मिळाले. हळूहळू बत्तीसही नंबर खरे झाले. बॅकअप तीन ठिकाणी गेला. रकाना संपला.

त्यानंतर अण्णा उदास झाले. सकाळी येऊन सात नंबरखाली हात घालायचे आणि म्हणायचे, "चालू हाय." दुसऱ्या दिवशी परत, "चालूच हाय, काय बिगडलेलं न्हाय." कुणी आजारी असल्याची बातमी सांगावी अशा आवाजात. बिघाड नाही म्हणून तोंड पाडून बसणारा दुरुस्तीवाला मी पहिल्यांदाच बघितला.

चार दिवस मी हे सहन केलं. पाचव्या दिवशी, ते पाणी प्यायला गेले असताना, मी पंचवीस नंबरच्या ओळीत गेले आणि लालसाबच्या फोन नंबरातला शेवटचा आकडा बदलला. ते परत आल्यावर मी म्हणाले, "अण्णा, पंचवीसचा नंबर चुकलेला दिसतोय."

अण्णांनी स्क्रीन बघितली. तो नंबर त्यांना तोंडपाठ होता, बॅकअप तीन ठिकाणी होता, दुरुस्तीला पाच सेकंद पुरले असते. त्यांनी लॅपटॉपखाली हात सरकवला आणि डोळे मिटले.

"शेवटचा हात कोणाचा लागला?"

"माझा," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "बिगडलंय खरं," ते म्हणाले. "इचारायला पायजे." आणि मोबाइल घेऊन गॅलरीत गेले.

काचेपलीकडे त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मला ओठ वाचता येत नाहीत. माझ्या लॅपटॉपवरचा सात सकाळीच मी पुसला होता. मी अण्णांच्या टेबलावरचा खडू घेतला, सातचा आकडा परत नीट गिरवला आणि कामाला लागले.